कुंडीतली तहान

सकाळचा चहा घेऊन ऋजुता पडवीत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. जाळीच्या पिंजऱ्यातल्या भांगेच्या झाडानं मान टाकली होती. काल संध्याकाळपर्यंत पंजासारखी ताठ पसरलेली पानं आज देठापासून खाली लोंबत होती.

"कौस्तुभ, जरा इकडं ये बघू."

कौस्तुभ, तिचा नवरा, तोंड पुसत बाहेर आला. त्यानं आधी झाडाकडं पाहिलं आणि मग खोडाला लावलेल्या चिमट्याकडं. बोटाच्या पेराएवढ्या त्या चिमट्याचा छोटा पडदा लाल झाला होता. त्यावर अक्षरं होती : तहान – तीव्र.

"पाणी मागतंय गं. चैताचं ऊन आहे, मागणारच," तो म्हणाला आणि तांब्या भरायला वळला.

आजऱ्यातल्या त्या घरात हे झाड परवान्यानं आलं होतं. कायदा बदलून काही वर्षं झाली होती. ज्यांच्या फिटा कुठल्याच गोळीला दाद देत नाहीत अशा रुग्णांसाठी जिल्ह्याच्या औषधी वनस्पती केंद्रात भांगेची रोपं तयार होत. नशा जवळजवळ नाहीच, पण मेंदूतली वीज शांत करणारं द्रव्य भरपूर. माणसाचं रक्त तपासून त्याला मानवेल असं एकच वाण निवडायचं, त्याचं एक रोप केंद्रात आणि एक रुग्णाच्या घरी ठेवायचं. घरच्या पानांतून केंद्र महिन्याच्या महिन्याला तेल काढून देई. कौस्तुभच्या वाणाचं केंद्रातलं रोप गेल्या पावसाळ्यात बुरशीनं गेलं होतं. म्हणजे जगात त्याचं असं झाड उरलं होतं ते हे एवढंच. नवं रोप जुळवायचं म्हटलं तर दिवाळी उजाडली असती.

कौस्तुभ एसटीचा ड्रायव्हर. आंबोलीचा घाट तो डोळे झाकून नव्हे, पण गाणी म्हणत नक्की उतरला होता. पहिली फिट आली तेव्हा सुदैवानं तो डेपोत उभा होता. गाडी चालवणं सुटलं, ते कायमचं. त्यानंतरची वर्षं कधी कुठं पडेन या धास्तीत गेली. हे झाड आलं आणि दीड वर्ष तो एकदाही पडला नव्हता. गल्लीतली पोरं त्याला 'गांजावाले काका' म्हणत, आणि तोही हसून "या, पण लांबूनच बघा" म्हणे.

त्यानं तांब्याभर पाणी घातलं. दुपारपर्यंत पानं आणखी खाली आली.

दुसऱ्या दिवशीही चिमटा लालच होता. कौस्तुभनं पुन्हा पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा ऋजुतानं केंद्रातल्या शबाना मुल्लांना व्हिडिओ कॉल लावला. शबाना वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञ, आणि त्यांच्या भागातल्या सगळ्या घरगुती झाडांची जबाबदारी त्यांच्यावर.

"पान हातात धरा, ताई. कागदासारखं पातळ लागतंय की भरलेलं?"

"भरलेलं वाटतंय. पण मला नीट सांगता येत नाही."

"कुंडी उचलून बघा. हलकी की जड?"

कौस्तुभ मध्येच म्हणाला, "मॅडम, जडच आहे, पण ती मुळातच जड आहे. फाल्गुनात मी झाड मोठ्या कुंडीत हलवलं. चिनी मातीची, चांगली निळी. पाणी निचरावं म्हणून तळाला चार बोटं खडी पण घातली."

शबानांनी विचारलं, "वरची माती?"

"कोरडी. भेगा पडल्यात."

"अडचण अशी आहे," शबाना म्हणाल्या, "की तहानलेलं झाडही मान टाकतं आणि बुडालेलं झाडही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती चिंब राहिली की मुळं गुदमरतात आणि आपली दारं बंद करून घेतात. मग पाण्यात उभं असूनही पानांपर्यंत थेंब पोचत नाही. वरून दोन्ही सारखीच दिसतात. तहान असेल आणि तुम्ही पाणी थांबवलंत, तर झाड जाईल. बुडालं असेल आणि घातलंत, तरी जाईल. चिमटा आजवर चुकलेला नाही. पण मला खात्री वाटत नाही. उपटून बघायचं म्हटलं तर अशक्त झाड त्या धक्क्यानंच मरायचं. मी परवा येते. तोवर काही करू नका."

कॉल संपला. कौस्तुभ पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून राहिला. "काही करू नका," तो स्वतःशीच म्हणाला. "हेच सगळ्यात अवघड की."

ऋजुता आत गेली आणि कपाटातून एक डबी घेऊन आली.

ऋजुता हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. एकोणतिसाव्या वर्षी मेंदूज्वरानं तिचे दोन्ही कान गेले होते. मग कॉक्लियर इम्प्लांट बसलं. कानामागचा माइक आवाज टिपतो, यंत्र त्याचं विजेत रूपांतर करतं, आणि कानातल्या शंखासारख्या नळीत बसवलेली इलेक्ट्रोडची बारीक माळ मज्जातंतूंना टोचून तो आवाज मेंदूपर्यंत नेते. यातली गंमत अशी की मेंदूला मूळ आवाज कसा होता हे ठाऊकच नसतं. माळेतला जो मणी टोचेल तो सूर त्याला ऐकू येतो. मग माणसाच्या कानाला कधीच न कळणारा, वटवाघळांच्या किंवा त्याहूनही वरच्या पट्टीतला आवाज टिपून त्याच मण्यांवर का उतरवू नये? कारखान्यांत वायूची गळती ऐकता यावी म्हणून कुणीतरी तसा माइक बनवला होता. ऋजुताच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी तो तिला प्रयोगासाठी दिला. 'दुसरी पट्टी' म्हणत त्याला. एकच अट होती. मणी तेवढेच, त्यामुळं दुसरी पट्टी लावली की पहिली बंद. माणसांचा आवाज अजिबात नाही.

तिनं तो एकदाच लावला होता. स्वयंपाकघरातल्या पालीचा आवाज ऐकून घाबरली आणि डबीत ठेवून दिला.

"हे कशाला?" कौस्तुभनं विचारलं.

"चिमटा काय ऐकतो? झाडाच्या खोडात पाण्याच्या केसासारख्या बारीक तारा असतात, मुळापासून पानापर्यंत. पान वरून ओढतं, खाली पाणी मिळत नाही, मग तार ताणली जाते आणि तटकन तुटते. तिथं बुडबुडा होतो. त्या तुटण्याचा आवाज चिमटा मोजतो. पण तो खोडापाशीच ऐकतो ना? मला खाली ऐकायचंय."

"म्हणजे तुला माझं ऐकू येणार नाही."

"तेवढा वेळ नाही येणार."

"जा की मग," तो हसून म्हणाला. "तसंही कुठं ऐकतेस."

तिनं माइक बदलला. जग गेलं. रस्त्यावरची गाडी, शेजारचा मिक्सर, कौस्तुभचं हसू, सगळं पुसलं गेलं. त्या पोकळीत एक क्षण तिला धाप लागली. कान गेले होते तेव्हाचं ते जुनंच भय. आणि मग खोडाजवळ माइक नेताच आवाज आला.

टक्. टक् टक्. टक्.

कढईत लाह्या फुटाव्यात तसा. हातभर उंचीचं, पानं टाकून मुकाट उभं असलेलं झाड आतून अखंड तडतडत होतं. दीड वर्ष ती या झाडाला पाणी घालत होती, पानं पुसत होती, आणि त्याला आवाज आहे हे तिला ठाऊक नव्हतं. प्रत्येक टक् म्हणजे एक तुटलेली तार.

तिनं वायरवरचा माइक खोडावरून हळूहळू खाली आणला आणि कुंडीच्या निळ्या अंगाला टेकवला. वरच्या भागात काहीतरी सळसळत होतं. अगदी बारीक, रेशमी कापड दोन बोटांत चोळावं तसं. मुळं असणार. जिवंत मुळं मातीच्या कणांना सरकवत होती. तिनं माइक आणखी खाली नेला. सळसळ विरळ झाली. आणखी खाली काहीच नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं तळातून एक आवाज आला, जड आणि सुस्त. डबक्यातून बुडबुडा वर यावा तसा. पुन्हा शांतता. वर तडतड आणि खाली डबकं.

तेवढ्यात तिच्या पावलाला काहीतरी लागलं. आतून एक स्टीलची वाटी घरंगळत आली होती. तिच्या पायापाशी ती गरगर फिरली आणि आडवी झाली. आवाज मुळीच नाही. ऋजुता त्या वाटीकडं बघत राहिली आणि मग धावली.

कौस्तुभ स्वयंपाकघरात ओट्याखाली पडला होता. भांड्यांची मांडणी त्याच्याबरोबर खाली आली होती. शरीर झटके देत होतं, कपाळातून रक्त येत होतं. तिनं भांडी लाथेनं दूर केली, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी सारली. एवढी भांडी पडली, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार, आणि ती दहा पावलांवर बसून मुळं ऐकत होती.

झटके थांबले. त्याचे ओठ हलले. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की पट्टी अजून दुसरीच आहे. तिनं माइक बदलला.

"ऋजू," तो म्हणत होता. "झाड... काय झालं झाडाचं?"

दवाखान्यात टाके पडले. घरी आल्यावर ती त्याच्यासमोर बसली.

"दीड वर्षानं, कौस्तुभ. आजच का?"

तो नजर चुकवत होता.

"तेल कमी घेत होतास?"

"निम्मं," तो शेवटी म्हणाला. "झाडानं मान टाकली त्या दिवसापासनं. झाड गेलं तर बाटली दिवाळीपर्यंत पुरवायला नको का?"

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू निम्मं घेऊ दिलं नसतंस."

तिला रागानं बोलवेना. ती उठली, माइकची डबी उचलली आणि कपाटाकडं निघाली. "हे परत लावणार नाही मी. तू पडलास आणि मला कळलं नाही. वाटी आली म्हणून कळलं."

"थांब," कौस्तुभ म्हणाला. "डबी ठेव नंतर. आधी काय ऐकलंस ते सांग."

ती पाठमोरीच उभी राहिली. मग वळली आणि तिनं सगळं सांगितलं. खोडातली तडतड, वरची सळसळ, खालची मेलेली शांतता, तो एक बुडबुडा. सांगता सांगता तिचा आवाज बदलला. कौस्तुभ बँडेज बांधलेलं डोकं पुढं काढून लहान मुलासारखा ऐकत होता.

"मुळं सळसळतात?" त्यानं विचारलं.

"हो."

"बापरे." त्यानं पडवीकडं पाहिलं. "म्हणजे झाड तहानेनं मरतंय, पण पाण्यात बुडून. माझ्या खडीमुळं."

शबानांना फोन लावला तेव्हा त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. आधी त्या कौस्तुभवर रागावल्या. तेल निम्मं करायच्या आधी विचारायचं होतं, दुसऱ्या वाणाचं का होईना, केंद्र देऊ शकतं. मग म्हणाल्या, "खडीचं सांगते. ओला स्पंज उभा धरलात तर वरून पाणी निथळतं, पण खालच्या कडेला थोडं अडून राहतंच. मातीचंही तसंच. बारीक माती आपलं पाणी धरून ठेवते, खडीच्या मोठ्या फटींत सहजी सोडत नाही. म्हणजे खडी घातली की निचरा वाढत नाही, ओला थरच वर सरकतो, थेट मुळांपर्यंत. सगळ्यांचा हाच समज असतो, तुमची एकट्याची चूक नाही. खाली मेलेलं आणि वर जिवंत आहे हे आता कळलंय. मग थांबण्यात अर्थ नाही. काढा बाहेर. चिमटा बोंबलेल. बोंबलू दे."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर दोघांनी मिळून कुंडी आडवी केली. ऋजुतानं खोड धरलं, कौस्तुभनं कुंडीला तळव्यानं थापट्या मारल्या. मातीचा गोळा सुटून आला आणि त्यामागोमाग गटारासारखा वास. खडीवर काळा चिखल साचला होता. तळाच्या भोकावर कौस्तुभनंच ठेवलेलं कौलाचं खापर सपाट चिकटून बसलं होतं. भोक असूनही कुंडी बंद होती. खालची मुळं तपकिरी झाली होती, बोटांत धरली की साल निसटून येई. वर मात्र, कोरड्या भेगांच्या जरा खाली, पांढऱ्या मुळांचा एक झुबका होता. नखाएवढ्या लांबीची नवी टोकं हवेच्या दिशेनं वर वळली होती.

"बघ," ऋजुता कुजबुजली. "हीच."

तिनं उकळत्या पाण्यात बुडवून घेतलेल्या कात्रीनं कुजलेलं सगळं कापलं. लहानशी, भाजलेल्या मातीची कुंडी आणली होती, जिच्या अंगातूनही हवा जाते. माती, नारळाचा भुसा, जाड वाळू. खडी नाही. भोकावर नुसता जाळीचा तुकडा. मुळं कमी झाली म्हणून वरची काही पानंही उतरवली, आणि झाड सावलीत ठेवलं. ओंजळभर पाणी घातलं, बस्स.

पहिले दोन दिवस सगळ्यात कठीण गेले. चिमटा लालच होता आणि आता तो शिट्ट्याही मारायला लागला. तीव्र. अतितीव्र. झाड आणखी वाकलं. कौस्तुभ येताजाता पिंजऱ्यापाशी थांबे.

"एक तांब्या घालू का गं? अर्धा?"

"नको."

"ओरडतोय ना तो."

"मुळं नाहीत रे अजून. ती प्यायची कशी?"

तिलाही खात्री नव्हती. शबाना येऊन बघून गेल्या, मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "आता त्याच्यावर सोडा."

तिसऱ्या दिवशी कौस्तुभनंच डबी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"नको म्हटलं ना."

"मी इथंच बसतो. तुझा हात धरून. पडलो तर हाताला कळेल की तुझ्या." तो तिच्या शेजारी पडवीच्या फरशीवर बसला आणि त्यानं तिचा डावा हात आपल्या हातात घट्ट घेतला. "तेलही पुरं घेतलंय. ऐक तू."

तिनं पट्टी बदलली. पुन्हा ती पोकळी, पण या वेळी तिच्यात एक हात होता.

खोडाशी टक् आलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. लाह्या फुटणं थांबलं होतं. एखादाच चुकार दाणा उरला होता. तिनं माइक कुंडीच्या तांबड्या अंगाला लावला. वर सळसळ. मध्ये सळसळ. तिनं माइक अगदी तळाशी नेला आणि डोळे मिटले. तिथंही होती. इतकी मंद की आधी भास वाटला. आंधळी, पांढरी, केसाएवढी टोकं अंधारात वाळूचे कण बाजूला करत खाली निघाली होती.

तिनं पुन्हा खोडाला कान दिला. थांबली. आणखी थांबली. आता एकही टक् नव्हतं. सगळ्या तारा मुळापासून पानापर्यंत अखंड होत्या आणि त्यांतून पाणी आवाज न करता चढत होतं. कुठली मोटर नाही, धडधडणारं काळीज नाही, नुसत्या पानांच्या ओढीवर. शाळेत तिनं कितीदा तरी सांगितलं होतं, की जमिनीतलं पाणी वर उचलण्याचं सगळ्यात मोठं काम जंगलं करतात. ते खरंच असं होत असेल, हे तिच्या मनानं कधी घेतलंच नव्हतं. कान गेल्यापासून शांततेसारखं वाईट तिला काही माहीत नव्हतं. ही शांतता मात्र ती पीत बसली.

कौस्तुभनं तिचा हात हलवला. तिचे गाल ओले झाले होते. तो ओठांनी विचारत होता, काय?

"काही नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. "काहीच आवाज नाही, कौस्तुभ. बरं वाटतंय त्याला."

चिमटा लालचा अजून फक्त पिवळा झाला होता. हिरवा व्हायला त्याला आणखी एक दिवस लागला.

माइक काढायला हात वर गेला आणि थांबला. परसाच्या बाजूनं काहीतरी ऐकू येत होतं. तव्यावर पाणी शिंपडावं तशी बारीक चुरचुर. ती उठली. कौस्तुभ हात न सोडता तिच्यामागून निघाला.

घरामागं काजूची झाडं टेकडीवर चढत गेलेली. चैतातली संध्याकाळ, उन्हानं चढ तांबडा झालेला. हा आवाज हवेत फार दूर जात नाही, पडवीत नुसती चाहूल आली होती. पण पहिल्या काजूपाशी पोचताच ती जागच्या जागी उभी राहिली. झाड तडतडत होतं. पलीकडचं झाड तडतडत होतं. करवंदीची जाळी, वाळत चाललेलं गवत, बांधावरचं ऐनाचं झाड, जे जे हिरवं होतं ते सगळं दिवसभराच्या उन्हाशी झोंबत होतं, तारा तुटत होत्या, आणि त्या भल्यामोठ्या गदारोळात वारा पडलेली टेकडी डोळ्यांना मात्र अगदी शांत दिसत होती.

मग डावीकडून आवाज विझू लागला.

तिनं वळून पाहिलं. समोरच्या डोंगराची सावली चढावर सरकत येत होती. सावली ज्या झाडावर चढे, तिथली चुरचुर मंदावत जाई. पानं आपली बारीक तोंडं मिटत होती, ओढ सैल पडत होती, खालून पाणी वर येत होतं. आणखी एक झाड निवलं. मग त्याच्यापलीकडचं.

"चल," ती म्हणाली आणि त्याला ओढत चढायला लागली. सावलीच्या कडेनं, तिच्या बरोबरीनं. डाव्या हाताला टेकडी पाणी पीत होती आणि उजव्या हाताला अजून तहानलेली होती. ती सांगत होती, जमेल तसं, धापा टाकत, हे निवलं, आता हे, आता ते वाकडं झाड. कौस्तुभ प्रत्येक झाडाकडं असा बघत होता जणू ते आत्ताच कुणी तिथं आणून ठेवलंय.

माथ्यापाशी ती दम खायला थांबली. तो काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं त्याच्या ओठांकडं पाहिलं. त्यानं तेच पुन्हा सावकाश म्हटलं.

"पुढं सांग."